पडद्यावरचा मार

मध्यंतरी दोन पोरं मोबाइल आणि त्याला जोडायची लांब काठी घेऊन जालन्याच्या माझ्या घरी आली. त्यांचं यूट्यूबवर कसलंसं चॅनेल होतं. चहा घेता घेता एकानं विचारलं, "मॅडम, पहिल्याच पिक्चरला एवढं नाव झालं, बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आले, आणि मग तुम्ही एकदम गायबच. असं झालं तरी काय?" मी म्हटलं, "लग्न झालं." ते त्याला लगेच पटलं. हे उत्तर कुणालाही पटतं, म्हणून मी इतकी वर्षं तेच देत आले. खरं तर माझं लग्न पुष्कळ उशिरा झालं आणि माझ्या नवऱ्यानं मला सिनेमा सोड असं कधी म्हटलं नाही. उलट टीव्हीवर तो सिनेमा लागला की तो शेजारपाजाऱ्यांना हाक मारायचा आणि मी उठून स्वयंपाकघरात जायचे. पोरं गेली. मी कपबशा विसळल्या आणि ठरवलं, आता लिहून टाकायचं. ज्यांची भीड होती ती माणसं आता राहिली नाहीत.

आमचं घर जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला. बागायत भरपूर, विहिरीला पाणी, दावणीला बैलांच्या जोड्या, दारात ट्रॅक्टर, आणि घरात शब्द चालायचा तो एकट्या नानांचा. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील, अप्पा, त्यांच्या पाठचे. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो. मला वाढवलं ते नानांच्या बायकोनं, गोदाकाकूनं. तिला मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. दुसऱ्या वेळी का झालं ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही कधी बोललं नाही. काकूच्या हाताला चव होती. ज्वारीची भाकरी ती अशी फुगवायची की वरचा पापुद्रा अलगद उचलून त्यात तेल-चटणी भरून मला द्यायची, आणि आमटीत घालायचं तिचं येसर तर गल्लीतल्या बाया वाटीभर मागून न्यायच्या. डाळी, धने, खोबरं, मिरच्या, सगळं वेगवेगळं भाजून लोखंडी खलबत्त्यात कुटायची. आमच्या घरी दिवस सुरू व्हायचा तो त्या बत्त्याच्या आवाजानं.

दुसरा आवाज नानांच्या घड्याळाचा. नाना आरडाओरडा करणारे नव्हते. संतापले की त्यांचा आवाज उलट खाली जायचा. मनगटावरचं घड्याळ ते सावकाश सोडायचे आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचे. टक् असा बारीक आवाज व्हायचा. तो ऐकला की अप्पा जिथं असतील तिथून उठून गोठ्यात जायचे आणि चारा टाकलेल्याच बैलांपुढं पुन्हा चारा टाकायचे. नानांना कारण लागायचं नाही. बैल अडला तर त्याची शेपटी पिरगाळून इतकी पिळायचे की हाड मोडल्याचं ऐकू यायचं. आमच्या सालगड्याला, किसनला, त्यांनी एकदा जुवातला लाकडी दांडका, शिवळ, उपसून पाठीवर मारली. तो पेंडीच्या पोत्यावर पालथा पडला आणि तसाच पडून राहिला. संध्याकाळी त्याच्या बायकोनं येऊन त्याला खांद्याचा आधार देत नेलं. जाताना ती नानांच्या पाया पडली.

काकूला मार पडायचा तो बहुतेक जेवणाच्या वेळी. आमटी खारट, भाकरी गार, ताटात केस, काहीही. तिची एक तऱ्हा होती. नाना उठले की आधी ती हातातलं जे असेल ते, परात असो नाही तर तांब्या, जपून खाली ठेवायची. मग पदर डोक्यावरून घट्ट ओढायची, डावा हात कानावर धरायची आणि भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसत जायची. ती रडायची नाही. दाताआडून हलक्या आवाजात "झालं, झालं, झालं" म्हणत राहायची, तापातल्या लेकराची समजूत काढावी तसं. ती नानांना सांगायची की स्वतःला, हे मला अजून उमगलेलं नाही. नंतर ती उठायची, तोंडावर पाणी मारायची आणि मला वाढायची. मी जेवायचे. मला भूक लागलेली असायची. त्या घरात मार आणि जेवण यांच्यामध्ये फारसं अंतर नव्हतंच.

सिनेमा माझ्याकडे आला तो शाळेच्या गॅदरिंगमधून. आमच्या नाटक बसवणाऱ्या मास्तरांचे एक दोस्त पुण्याला सिनेमे काढायचे. त्यांना आमच्याकडचं बोलणारी, पावडर न लावलेली मुलगी हवी होती. त्यांना सगळे सर म्हणायचे, मीही म्हणू लागले. नाना नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण सरांनी त्यांना खुर्ची दिली, त्यांची बैलजोडी आणि छकडा सिनेमात घेतो म्हणाले आणि नाना विरघळले. "आमच्या घरची पोरगी हाय, जरा बराबर दाखवा," एवढंच म्हणाले. शूटिंग पिंपळगाव रेणुकाईजवळच्या एका वाडीत होतं. सोबतीला अप्पा यायचे आणि दिवसभर झाडाखाली बसून राहायचे. माझं काम होतं नुकतंच लग्न होऊन आलेल्या पोरीचं. दारुड्या नवऱ्याचं काम करणारे गृहस्थ फार सज्जन. सीन सुरू व्हायच्या आधी ते मला म्हणाले, "बाळ, घाबरू नकोस, हात लागू देणार नाही." माझ्या हातात पाण्यानं भरलेलं मडकं होतं. सर म्हणाले, तो हात उगारेल, तू ओरड, मडकं पडून फुटेल. त्यांनी हात उगारला. मी मडकं जपून खाली ठेवलं. पदर ओढला, डावा हात कानावर नेला, भिंतीला घसरत खाली बसले आणि म्हणू लागले, झालं, झालं, झालं.

कॅमेरा थांबला. सर माझ्यापाशी येऊन उकिडवे बसले. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

"मग मडकं खाली का ठेवलंस?"

"फुटंल ना, सर."

खरोखर, ती काकू होती हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही. मार असाच खातात, एवढंच मला माहीत होतं. तो सिनेमा चालला. ज्याच्या त्याच्या तोंडी तोच एक सीन. मला बक्षीस मिळालं, पेपरात लिहून आलं की या मुलीच्या रूपानं मराठी पडद्याला नवा चेहरा मिळाला. मुंबईच्या एका मोठ्या निर्मात्यानं पुढच्या सिनेमाला घेतलं. नायिकेचं काम, दिवाळीनंतर सुरुवात. काकूनं माझ्यासाठी चिवडा आणि धपाटे बांधून द्यायचं आधीच ठरवून टाकलं होतं. मुंबईत खायला मिळत नाही असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आजही माझ्या नातीच्या मोबाइलवर कधीकधी तो सीन येतो, खाली कुणाकुणाचे बदाम आणि टाळ्या असतात. ती म्हणते, "आज्जी, किती भारी रडलीस!" मी त्यात रडलेलेच नाही, पण हे तिला कसं सांगू?

दिवाळीच्या आधी गावानं माझा सत्कार ठेवला. सिनेमा टेंभुर्णीत कुणी पाहिला नव्हता, म्हणून पोरांनी जालन्याहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला आणि शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना ताडपत्र्या बांधून भर दुपारी अंधार केला. पुढं खुर्च्यांवर नाना आणि गावची प्रतिष्ठित मंडळी, उजवीकडं सतरंजीवर बाया. त्यांच्यात काकू होती, नवं लुगडं नेसून. तिनं त्याआधी सिनेमा म्हणून पाहिलेला नव्हता. बैलजोडी आली तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि नाना मान न हलवता हसले. मग तो सीन आला. मी मडकं खाली ठेवलं. पदर ओढला. मी कानावर हात नेला तशी एक म्हातारी मोठ्यानं बोलून गेली, "अगं बया, ही तर आपली गोदा!"

कुणीतरी फिसकन हसलं. मागून एक टारगट पोरगं ओरडलं, "नाना, तुमचा पार्ट कोन केला हो?" आणि मग हॉल हसायला लागला. ते हसणं आधी दबकत होतं, मग सैल सुटलं. इतकी वर्षं ज्या माणसासमोर गावानं मान खाली घातली, त्याच्या पाठीमागं अंधार होता आणि अंधारात कुणाचं तोंड दिसत नव्हतं. नानांनी मागं वळून पाहिलं नाही. सिनेमा संपेपर्यंत ते ताठ बसून राहिले, शाल-नारळ घेतलं, हात जोडले. मी काकूकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहतच नव्हती. तिचं तोंड जरासं उघडं होतं आणि डोळे टीव्हीवर खिळले होते, तो बंद केल्यावरसुद्धा.

आम्ही घरी आलो तेव्हा ऊन कलायचं होतं. काकू लुगडंही न बदलता चुलीपाशी गेली. सकाळचं येसर भाजून ठेवलेलं होतं, ते तिनं खलात ओतलं आणि कुटायला बसली. नाना आले. शाल काढली, घडी घातली, खुंटीला लावली. मग घड्याळ सोडलं आणि कोनाड्यात ठेवलं. टक्. अप्पा उठले. मला वाटलं, नाना आता स्वयंपाकघरात जाणार. ते माझ्याकडं आले.

"घरातलं गावाला दाखवतीस व्हय," ते अगदी हळू म्हणाले. "शिकवलं कोन तुला? त्या रांडंनं?"

पहिला फटका हाताचा होता. मी खांबावर आदळले. दुसऱ्या वेळी त्यांनी खुंटीवरचा आसूड काढला आणि उलटा धरून त्याच्या दांड्यानं मारलं. तो माझ्या डाव्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज बाहेरून येत नाही, डोक्याच्या आत होतो. ओलं लाकूड चिरावं तसा. तोंडात काहीतरी कडक सुटं झालं आणि मी ते थुंकलं तर दात होता आणि बरंच रक्त. मला कानावर हात न्यायचा होता, पण हात वर होईना. मला "झालं" म्हणायचं होतं, पण जबडा हलेना. दांडा पुन्हा पाठीवर, मग खांद्यावर, मग परत तोंडाच्या रोखानं. नाना दमत नव्हते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. अवघड काम उरकताना माणूस जसा एकचित्त असतो तसे ते होते. माझ्या डोळ्यात रक्त उतरलं होतं, त्यातून मला दारात काकू दिसली.

तिच्या हातात खलबत्त्याचा बत्ता होता. ती तो आधी खाली ठेवील असं मला वाटलं. तिनं ठेवला नाही. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि नानांच्या उचललेल्या दंडावर घातला. दांडा गळून पडला. नाना तिच्याकडं वळले, ते चकित झाले होते, जणू भिंतच अंगावर चालून आली. तिनं दुसरा घाव कोपराखाली घातला आणि ते हाड मोडलेलं मीही ऐकलं. नाना गुडघ्यावर बसले. काकूनं बत्ता त्यांच्या डोक्यावर धरला. बत्ता हलत नव्हता.

"उठा," ती म्हणाली. "उठा ना आता. काऊन उठून न्हाई राह्यले?"

नाना उठले नाहीत. त्यांनी मोडलेला हात छातीशी धरला आणि ते लहान पोरासारखे कण्हायला लागले. गोठ्याच्या दारात अप्पा उभे होते, हातात कडब्याची पेंडी तशीच.

"भावजी, ट्रॅक्टर काढा. पोरीचं तोंड फुटलंय."

अप्पांनी भावाकडं पाहिलं. काकू किंचाळली, "त्यांच्याकडं काय पाहून राह्यले? जल्दी काढा, न्हाई तर पुढचा घाव तुमच्यावर पडंल!" अप्पांनी पेंडी टाकली आणि किल्ली घेतली.

ट्रॉलीत काकूनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि जबडा पदरानं बांधून जालन्यापर्यंत हातानं धरून ठेवला. रस्ता खराब. दर खड्ड्याला माझ्या डोळ्यांपुढं पांढरं व्हायचं. तिच्या बोटांना येसराची मिरची होती आणि ती माझ्या फाटलेल्या ओठाला झोंबत होती. तिला ते कळत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. जालन्याहून आम्हाला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं दात तारेनं बांधून टाकले. बरेच दिवस मी ताक आणि पेज गालाच्या फटीतून ओढून घेत होते. निर्मात्याचा माणूस आला, हळहळला, खुर्चीवरून उठून माझ्या उजव्या बाजूला गेला, मग डाव्या बाजूला, आणि म्हणाला, "तब्येत सांभाळा, बाकी बघू." त्या सिनेमात दुसरी मुलगी आली हे मला पेपरात कळलं. नानांनी गावात सांगितलं की छकड्यावरून पडलो. पोलिसात कुणी गेलं नाही, ना ते, ना आम्ही. त्यांचा हात वाकडाच जुळला आणि पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही.

काकू टेंभुर्णीला परत गेली नाही. तिचा भाऊ अंकुशनगरला साखर कारखान्यात कामाला होता. त्याच्या मदतीनं तिनं कारखान्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ टाकली. मी तिच्याबरोबर राहिले. अप्पा अधूनमधून ज्वारीचं पोतं घेऊन यायचे, बाकावर बसायचे, पाणी प्यायचे आणि न बोलता जायचे. माझा जबडा सांधला, पण तोंड किंचित वाकडं उघडायला लागलं आणि काही शब्द जाड यायला लागले. तरी सिनेमावाले मला विसरले नव्हते. निरोप यायचे. प्रत्येक निरोपात काम एकच, मार खाणाऱ्या बाईचं. "तुमचा तो मार फार गाजला हो," असं म्हणायचे. शेवटी मी एक काम घेतलं, कारण अभिनय मला यायचा आणि करावासा वाटायचा. सरांसारखा कुणी पुन्हा भेटेल, मला हसायला सांगेल, भांडायला सांगेल, अशी आशा होती.

त्या सेटवर पहिले दोन टेक दिग्दर्शकाला आवडले नाहीत. तो हिरोच्या कानात काहीतरी बोलला. तिसऱ्या टेकला हिरोनं हात थांबवला नाही. पुरी थप्पड माझ्या डाव्या जबड्यावर बसली, सांधलेल्या जागी. मी पडले. डोक्यात पुन्हा तोच आवाज झाला असं मला वाटलं. आणि वर बघते तो माणसं टाळ्या वाजवत होती. दिग्दर्शक म्हणाला, "वा! आता आलं! एक अजून घेऊ, सेफ्टीसाठी."

मी विचारलं, "तुम्ही त्यांना मारायला सांगितलं होतं?"

"अहो, एरवी ते तुमच्याकडून आता येत नाही ना."

मी मेकअपच्या खोलीत गेले, तोंड पुसलं, माझी साडी नेसले आणि पिशवी उचलली. मॅनेजर फाटकापर्यंत मागं आला. "बाई, ही लाइन लहान आहे. आज गेलात तर परत कुणी बोलावणार नाही." आणि नाहीच बोलावलं. मी हेकट आहे, माझ्या डोक्यावर परिणाम झालाय, असं पसरलं. पुढं मी कित्येक मुली अशा आलेल्या आणि दिसेनाशा झालेल्या पाहिल्या. कुणाच्या बाबतीत लोक म्हणाले डोक्यात हवा गेली, कुणाच्या बाबतीत म्हणाले नशीब नाही. अशा वेळी मला त्यांच्या चेहऱ्याकडं, मनगटाकडं बघायची सवय लागली आहे. सगळ्यांचं माझ्यासारखंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण त्या गेल्या कुठं, हे विचारणारे पुष्कळ आणि त्या घरी परतल्यावर दार कुणी उघडलं, हे विचारणारं कुणी मला भेटलेलं नाही.

मी अंकुशनगरला उतरले तेव्हा हंगाम सुरू होता. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा आंबूस वास, आणि शेडमध्ये जेवणारांची गर्दी. काकूनं भाकरी तव्यावर टाकता टाकता माझा गाल पाहिला.

"कोन मारलं?"

"पिक्चरमधे."

"खोटं का खरं?"

"खरं."

"मंग तू काय केलं?"

"निघून आले. आता बोलावणार न्हाईत म्हणे."

"बराबर केलं," ती म्हणाली आणि भाकरी उलटवली.

मी तिच्याजवळ पाटावर बसले. इतके दिवस जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते तेव्हा विचारलं. "काकू, त्या दिवशी हॉलमधे तुला माझा राग आल्ता का?"

"तुझा?" तिनं खरोखर नवलानं माझ्याकडं पाहिलं. "तुझा काऊन येईल? ती तू हाये हेच मी इसरून गेल्ते. मला त्या बाईचा राग आल्ता. नवरा मारून राह्यला अन् ही खाऊन राह्यली. म्हटलं, हिला हात न्हाईत का? तेवढ्यात ती म्हातारी बोलली, ही तर आपली गोदा."

तिनं विस्तवावरची भाकरी काढली, झटकली आणि माझ्या ताटात टाकली. मग बाहेरच्या बाकावरून कुणीतरी आमटी मागितली, आणि ती उठून वाढायला गेली.